जमिनीची आठवण

ऑगस्टात सलग आठ दिवस पाऊस लागला की सांगलीत माणसं भेटल्याबरोबर एकच प्रश्न विचारतात, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. १९२९ साली कृष्णेवर उभ्या राहिलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं तेव्हा याहून मोठा पूर आता येणार नाही असं पुष्कळांना वाटलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा घराघरांत शिरलं.

आकडा सगळ्यांना कळतो. पण कर्नाळ रस्त्याला, दत्तनगरला किंवा सूर्यवंशी प्लॉटला राहणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडलेला असतो. आयर्विनला ४५ म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती? त्याचं उत्तर जोत्याच्या उंचीवर, गल्लीच्या उतारावर, मागचा नाला मोकळा आहे की बुजवलाय यावर अवलंबून असतं. हे उत्तर ज्याला तोंडपाठ येतं तो बहुधा त्या भागात पंचवीस-तीस वर्षं घरं बांधत आलेला स्थापत्य अभियंता असतो. त्यानं कोणाचं जोतं किती घेतलं, कुठे खोदताना तीन फुटांवर पाणी लागलं, कुठे भराव टाकून प्लॉट पाडले, हे त्याच्या डोक्यात असतं. अडचण एवढीच, की ते त्याच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की ती माहिती त्याच्याबरोबर जाते.

तालुक्या-जिल्ह्यातल्या अभियंत्यांच्या संघटनेकडे मी या बाजूनं पाहतो. बाहेरच्याला दिसतो तो १५ सप्टेंबरचा अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार आणि ज्येष्ठांचा सत्कार. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशी संघटना कशासाठी हवी, हे समजायला आधी या व्यवसायाची कायद्यातली जागा पाहावी लागते, आणि मग इथली जमीन.

डॉक्टर व्हायचं तर वैद्यक परिषदेत नाव नोंदवावं लागतं. वकिलाला १९६१ च्या कायद्यानं बार कौन्सिल आहे. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्यानं वास्तुकला परिषद आहे, आणि तिथे नोंद नसलेल्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं हा गुन्हा ठरतो. अभियंत्यासाठी मात्र देशात अशी कायद्यानं नेमलेली परिषद इतकी वर्षं उभी राहिली नाही. मसुदे झाले, चर्चा झाल्या. 'इंजिनिअर' ही पाटी आजही कुणीही दारावर लावू शकतो. ज्या माणसाच्या एका चुकीनं शंभर माणसं ढिगाऱ्याखाली जाऊ शकतात, त्याच्या व्यवसायाला शिस्त लावणारी देशपातळीवरची यंत्रणा नसावी, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

मग शिस्त येते कुठून? थोडी येते नगरपालिका-महापालिकांच्या परवान्यातून. घराचा नकाशा मंजूर करून घ्यायचा तर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. पूर्वी प्रत्येक गावाची विकास नियमावली वेगळी होती. साताऱ्यात चालणारी सामासिक अंतरं कराडला चालत नसत आणि सांगलीचा चटईक्षेत्राचा हिशेब इस्लामपूरला लागू पडत नसे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून राज्यभर एकच एकत्रित नियमावली आली. अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता व जबाबदारी तिच्या एका परिशिष्टात वेगवेगळी सांगितली आहे. शेकडो पानांचा तो ग्रंथ. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कार्यालयांत त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. विट्यात किंवा वाईत एकट्यानं काम करणाऱ्या अभियंत्याला ती मुभा नाही. चार जणांनी मिळून संध्याकाळी बसायचं, एकेक कलम लावून पाहायचं, कुठे अडतंय ते नगररचनाकाराला जाऊन विचारायचं. संघटनेचं रोजचं काम बरंचसं असं असतं. त्यात दिखाऊ काही नाही, पण ते झालं नाही तर सामान्य माणसाचं घर कागदात अडकतं.

व्यावसायिकांनी स्वतःच एकत्र यायची ही रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८१८ च्या जानेवारीत लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कॉफीघरात काही तरुण अभियंते जमले आणि त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स स्थापन केली. त्यांच्यापाशी पदव्या नव्हत्या. कालवे, पूल, रस्ते बांधता बांधता जे शिकलो ते एकमेकांना सांगायचं, एवढीच कल्पना. दोन वर्षांनी थॉमस टेलफर्ड हा मोठा पूल बांधणारा माणूस त्यांचा पहिला अध्यक्ष झाला. म्हणजे सुरुवात हक्कांसाठी झाली नाही, अनुभव सांगण्या-ऐकण्यासाठी झाली, आणि संघटनेचा हा जुना हेतू मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे १९२० साली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ची स्थापना झाली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. मुख्यालय कोलकात्यात, राज्याराज्यांत केंद्रं आणि त्याखाली स्थानिक केंद्रं. या संस्थेची एक गोष्ट आपल्या भागातल्या किती घरांत जिव्हाळ्याची आहे ते सांगायला हवं. ती म्हणजे ए.एम.आय.ई. ही परीक्षा. घरची परिस्थिती बेताची, म्हणून पदविका करून कुणी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर लागायचा. साइटवर सगळे त्याला 'रावसाहेब' म्हणायचे. दिवसभर मोजमाप पुस्तकात नोंदी करायच्या आणि रात्री वसाहतीतल्या खोलीत अभ्यास करून एकेक पेपर सोडवायचा. पाच-सहा वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, परीक्षा पुरी व्हायची. कॉलेजात न जाता पदवीच्या तोलाची मान्यता मिळवायचा तो रस्ता होता. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ही समकक्षता सरकारनं मान्य ठेवली, आणि तो रस्ता पुढच्यांसाठी अरुंद झाला.

आता इथल्या मातीकडे वळू. सातारा आणि सांगली हे एके काळी एकच घर. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. दोन्हीकडे मिळून औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं होती. इंजिनिअरिंग कॉलेज यायच्या कितीतरी आधी या भागात इंजिनिअरिंग आलं होतं. कराडजवळ खोडशीला कृष्णा अडवून कालवा काढला तो १८६० च्या दशकात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले. औंधच्या राजांनी जमीन दिली, आणि लोखंडी नांगरांचा कारखाना व किर्लोस्करवाडी शेजारी शेजारी वाढली. १९१६ साली ओगले बंधूंची काच, पुढे तिचाच प्रभाकर कंदील. १९२२ साली सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना. ज्याला तेव्हा कुणी अभियंता म्हटलं नाही असा माणूस तिथे साचा बनवायला, ओतकाम करायला, लेथवर काम करायला शिकला. शेतकऱ्याच्या पोराचा हात यंत्रावर बसवायची पहिली शाळा हे कारखानेच होते.

मग १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या पुढाकारानं सांगलीच्या विश्रामबागेत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, आणि १९५५ पासून ते वालचंद म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९६० साली कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. पुढे १९८० च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालयं निघाली आणि गावोगाव पदवीधर झाले. आज या दोन जिल्ह्यांतला अभियंता कोयनेच्या वीजगृहात सापडतो, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत सापडतो आणि दुबईच्या बांधकामावरही. पण संघटना टिकते ती गावात राहिलेल्यांच्या जिवावर.

या राहिलेल्यांपुढचं काम अवघड आहे, कारण एवढ्या थोड्या अंतरात इतकी वेगळी जमीन फार ठिकाणी सापडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून गाडीनं काही तासांत माण किंवा जत गाठलं की तो पाचशेच्या आसपास येतो. वर जांभा, खाली काळा कातळ, मध्ये मुरूम, आणि नदीकाठी कित्येक फूट खोल काळी माती. जांभ्यावर घर बांधून हात बसलेल्या माणसानं तोच पाया मिरजेच्या काळ्या रानात घातला तर चार वर्षांत भिंतीला तिरपी भेग पडते.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की ती आक्रसते आणि पायाचं बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मधल्या भागाखालची माती वर्षभर ओलसर राहते, कडेची मात्र पावसाळ्यात उठते आणि उन्हाळ्यात बसते. दरवर्षी घराचे कोपरे असे वरखाली होतात आणि वीट ते सहन करत नाही. उपाय माहीत आहेत. माती जिथे ऋतूप्रमाणे हलत नाही तिथवर खोल जायचं, किंवा फुगणारी माती काढून मुरूम दाबून भरायचा, किंवा खालच्या टोकाला फुगीर कंद असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालायचे. हे तंत्र रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्या काळ्या जमिनींसाठीच रुळवलं. पुस्तकात हे सगळं आहे. पण कोणत्या गावात किती फुटांवर मुरूम लागतो, हे पुस्तकात नाही. ते तिथे खोदलेल्याला ठाऊक.

आणि ही माहितीसुद्धा जुनी होते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे गेलं, ही या भागातल्या माणसाच्या आयुष्यातली फार मोठी आणि चांगली घटना आहे. पण जिथे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कोरडी होती तिथे आता वर्षभर ओल आहे. मातीचं वागणं बदललं, म्हणजे पायाचा हिशेबही बदलला. खाली वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला पाणी देऊन देऊन हजारो एकर क्षारपड झाले. शेतकऱ्याला पांढरा थर जमिनीवर दिसतो. अभियंत्याला तोच क्षार पायाच्या काँक्रीटमध्ये शिरून सळई खाताना दिसतो. तिथे कोणतं सिमेंट वापरावं, काँक्रीट किती घट्ट असावं, निचरा कुठे काढावा, हे प्रश्न शेतीचे आणि बांधकामाचे एकदमच आहेत. अशा ठिकाणी दहा जणांनी आपापल्या साइटचे माती तपासणीचे अहवाल एका टेबलावर ठेवले तर तालुक्याचा नकाशा तयार होईल. आज ते अहवाल नकाशा मंजूर झाला की फायलीत जातात. माझा संघटनांना आग्रह आहे तो या एका कामाचा.

जमिनीबद्दलचं ज्ञान अपुरं असलं की काय होतं, हे या भागानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. दख्खनचा कातळ म्हणजे अचल, अशी त्या वेळची समजूत. भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश खालच्या धोक्याच्या पट्ट्यात होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर धरला होता तो गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा पाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आत, सहाच्या वरच्या तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणातल्या यंत्रानं नोंदवलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साठ टक्क्यांपर्यंत गेला होता. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे त्याच्या मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या.

त्यानंतरचं काम मला या भागातल्या अभियांत्रिकीचा सर्वांत अभिमानास्पद अध्याय वाटतो. भेगा भरल्या, पोलादी तारांनी वरचा भाग खालच्याला ताणून बांधला, आणि पाठीमागून काँक्रीटचे भक्कम टेकू चढवले. सांडव्याच्या भागाचं बळकटीकरण तर २००० नंतरच्या दशकात पुरं झालं. म्हणजे एका धक्क्याचं उत्तर जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. धरणातल्या त्या यंत्राची नोंद जगभरच्या अभियंत्यांनी वापरली. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे तपासायचं म्हटलं की आजही कोयनेचं उदाहरण घेतात. भूकंपाचा नकाशा बदलला. पाटणचा भाग चौथ्या क्षेत्रात गेला आणि सांगली तिसऱ्यात आली. जलाशय भरल्यानं भूकंप घडतात का, याचा शोध घ्यायला पुढे कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा झाली आणि गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं.

पण त्या पहाटे माणसं धरणानं मारली नाहीत. ती मेली घरांखाली, मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत न अडकवता मध्ये भर घातलेली असली की धक्क्यात भिंत दोन पापुद्र्यांसारखी उकलते. दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड आडवा घालायचा आणि खिडकीच्या वर घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, एवढ्यानं ती भिंत कितीतरी जास्त वेळ धरून राहते. धरणाला चाळीस वर्षं आणि कोट्यवधी रुपये मिळाले ते योग्यच झालं. त्या आडव्या दगडाची गोष्ट मात्र पाटणच्या डोंगरातल्या प्रत्येक गवंड्यापर्यंत पोचवायला सरकारी परिपत्रक पुरत नाही. तिथे त्याच बोलीत बोलणारा, त्याच गवंड्याबरोबर काम करणारा अभियंता लागतो. एकट्याचं हे काम नाही, आणि त्याचं बिलही कुणाला लावता येत नाही. म्हणून ते संघटनेचं.

माणसं आणि अभियंते खरोखर एका ओळीत उभे राहिले की काय होतं याचंही उदाहरण याच भागात आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. नदीतल्या वाळूचा हिशेब गावानं मागितला आणि तिच्या उत्पन्नातून धरणाला पैसा उभा करायचं ठरवलं. मुंबईचे अभियंता के. आर. दाते त्यांच्याबरोबर होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचं, ही मांडणी गावाची होती. ते पाणी थोड्यात थोडं कसं पुरवायचं, याचं गणित अभियंत्याचं. सल्लागार आणि गिऱ्हाईक असं ते नातंच नव्हतं.

संघटनांतली दुखणी मला दिसत नाहीत असं नाही. पदवीधर आणि पदविकाधारक यांच्या वेगळ्या संघटना, सरकारी आणि खासगी वेगळे, सिव्हिलवाल्यांना मेकॅनिकलवाले परके. बढत्यांच्या वादात वर्षानुवर्षं गेली. सही विकण्याचा प्रकार तर सगळ्यांत वाईट. नकाशा एकानं काढायचा, सही दुसऱ्याची, आणि बांधकाम चालू असताना साइटवर दोघंही नाहीत. कायद्याची परिषद नसताना हे थांबवायची ताकद फक्त व्यवसायबंधूंच्या नजरेत असते. महापालिकेत, मंत्रालयात तक्रार जाईपर्यंत स्लॅब पडून जातो. शेजारच्या अभियंत्यानं 'अरे, सळया इतक्या लांब लांब का बांधल्यास?' म्हणून विचारलं तर तो वाचतो.

पूररेषेचा प्रश्नही शेवटी तिथेच येतो. सरकारी नकाशावर दोन रेषा असतात. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. '१०० वर्षांत एकदा' याचा अर्थ, आता आला म्हणजे पुढची ९९ वर्षं सुटका, असा होत नाही. दरवर्षी शेकडा एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ आलं ते याच हिशेबात बसतं. हे गिऱ्हाइकाला सांगणं अभियंत्याला जड जातं. गिऱ्हाइकाच्या आयुष्याची पुंजी त्या प्लॉटमध्ये असते आणि रेषेच्या आत किती बांधता येईल, एवढंच त्याला ऐकायचं असतं. 'इथे नको' म्हणणारा अभियंता काम गमावतो, शेजारचा ते घेतो. गावातले सगळे मिळून 'इथे नको' म्हणाले तरच त्या शब्दाला वजन येतं.

पूर ओसरल्यावर सांगलीत भिंतींवर चिखलाची एक सरळ रेघ राहते. आठ-पंधरा दिवसांत माणसं ती पाण्यानं धुऊन काढतात, दिवाळीला रंग देतात आणि रेघ जाते. त्या आठ दिवसांत लेव्हल, तिकाटणं आणि मोजपट्टी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, प्रत्येक रेघेची उंची आयर्विनच्या आकड्याशी जोडून वहीत उतरवायची, एवढं काम वीस-पंचवीस अभियंत्यांना चार दिवसांत होण्यासारखं आहे. मग कर्नाळ रस्त्यावरच्या माणसानं "आयर्विनला ४५, आमच्याकडे किती?" असं विचारलं, की त्याच्या घराच्या नंबरापुढे लिहिलेला आकडा त्याला वाचून दाखवता येईल.